मार्लिससाठी शहर

वेल्डनची लायब्ररी म्हणजे एक लांबट खोली, खाली तळघर आणि आम्ही दोघी. मी आयलीन कुचेरा, तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची. दुसरी मार्लिस ब्रँडव्होल्ड, माझ्याहून बावीस वर्षांनी लहान. आठशे वस्तीच्या गावाला दोन बायका कशाला लागतात, असं पंच मंडळी दरवर्षी विचारायची आणि दरवर्षी विसरून जायची.

गुरुवारी दुपारी कुणी फिरकायचं नाही. मग डबा खाता खाता आमचा एक खेळ चालायचा. प्रवासाच्या फळीवरचं एखादं पुस्तक ओढायचं आणि ठरवायचं, उद्या उठून एखाद्या मोठ्या शहरात राहायला जायचं झालं, तर कुठल्या. मी अकरा वर्षं न्यू ऑर्लिन्स म्हणत आले. मार्लिस अकरा वर्षं सिॲटल म्हणत आली. ओमाहाच्या पलीकडे दोघींपैकी कुणीच गेलेलं नव्हतं.

"तिथं बारा महिने पाऊस असतो म्हणे," मी म्हणायचे.

"म्हणून तर. सगळे आपापल्या छत्रीखाली. कुणी कुणाकडे बघत नाही."

मी हसायचे. त्या बोलण्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

तिचा नवरा कर्ट. गावातल्या घरोघरच्या तळघरांतल्या, घर गरम ठेवणाऱ्या भट्ट्या तो बघायचा. आमच्याकडे नेब्रास्कात भट्टी बंद पडली तर माणूस घरातल्या घरात गोठेल, त्यामुळे कर्टला मान होता. एकही तळघर असं नव्हतं की ज्यात तो उतरला नव्हता. बोलायला मऊ, वागायला अदबशीर. एकट्या बायकांची कामं आधी करायचा, वर अंगणातला बर्फ काढून द्यायचा. माझा नवरा एमिल वारला त्या हिवाळ्यात माझं अंगण त्यानेच साफ ठेवलं होतं. त्याचा आवाज चढलेला मी आयुष्यात ऐकला नाही.

घरी मात्र खोलीची ऊब कमी-जास्त करायची कळ त्याने एका छोट्या पेटीत बंद करून ठेवली होती, आणि किल्ली त्याच्या खिशात. रोज संध्याकाळी तो मार्लिसच्या गाडीचे मैल बघायचा. घर ते लायब्ररी जाऊन-येऊन तीन मैल. त्याच्यावर आकडा गेला तर का गेला ते सांगावं लागायचं. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसायचं की थंडीत ती कामाला तासभर लवकर येऊन बसते. मार्चमध्ये तिचा हात प्लॅस्टरमध्ये होता, तर म्हणाली, पायरीवरून घसरले. मी विश्वास ठेवला असं म्हणते. खरं सांगायचं तर मी विचारलंच नाही.

सप्टेंबरातल्या एका गुरुवारी मी तळघरात जुनी मासिकं बांधत होते. मार्लिस खाली आली आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली.

"आयलीन, तीन वाजता एक बाई मागच्या दाराशी येणार आहे. मी चाललेय."

"कुठं?"

"तेच कळत नाहीये."

मग तिने भराभर सांगितलं. नोरीन नावाची एक बाई होती, अशा बायकांना बाहेर काढायचं काम करणारी. तिने विचारलं होतं, कुठल्या शहरात जायचंय? मोठं हवं, म्हणजे माणूस हरवतो. मार्लिसच्या तोंडून विचार न करता सिॲटल निघून गेलं. त्यावर नोरीनने एकच प्रश्न केला: तुझ्या नवऱ्याला हे माहीत आहे का?

"लग्न झाल्यापासून तो मला त्यावरून चिडवतोय," मार्लिस म्हणाली. "मीठ जास्त पडलं की, जा तुझ्या सिॲटलला. पहिला तो तिथंच जाईल. आणि दुसरं मला सुचतच नाहीये गं. जे सुचतं ते कधी ना कधी त्याच्यासमोर बोललेय असं वाटतं. तू निवड."

"मी?"

"मी जे निवडीन ते त्याला कळेल. माझं डोकं त्याला पाठ आहे."

माझे हात दोरीतच अडकले होते. अकरा वर्षं शहरं निवडली, पण तेव्हा दुसऱ्या दिवशी दोघी कामावर असायचो. डोळ्यांसमोर एका पुस्तकातलं चित्र आलं. डोंगरउतारावर एकावर एक घरं आणि खाली नदीवर पूलच पूल.

"पिट्सबर्ग," मी म्हणाले.

"पिट्सबर्गला कोण जातं?"

"कुणी जात नाही. म्हणूनच."

तिने ते नाव दोनदा पुटपुटलं, औषधाचं नाव लक्षात ठेवावं तसं. कोट खुंटीवर तसाच ठेवला, गाडी दारात तशीच ठेवली, म्हणजे ती आत आहे असं वाटेल. तीन वाजता मागचं दार उघडलं आणि बंद झालं.

साडेपाचला कर्ट आला.

"मार्लिस?"

"बरं वाटत नव्हतं तिला. दुपारीच घरी गेली."

त्याने खुंटीकडे पाहिलं. जवळ जाऊन कोटाची बाही चिमटीत धरली, खिशातले हातमोजे बाहेर काढले, पाहिले, परत ठेवले. "गाडी ठेवून गेली. कोट ठेवून गेली," तो शांतपणे म्हणाला. "चालत गेली असेल. हवा छान आहे." मग कोट हातावर टाकून निघून गेला.

सहा दिवस त्याचा ट्रक गावात दिसला नाही. सिॲटलला जाऊन आला असणार. आल्यावर तो रोज लायब्ररीत येऊन बसू लागला. वर्तमानपत्र उघडायचा, पण पान उलटायचा नाही. एकदा म्हणाला, "बाई, मार्लिसने कुठली कुठली पुस्तकं नेली होती, त्याची यादी मिळेल?"

"कायद्याने देता येत नाही, कर्ट."

"बरोबर आहे. कायदा म्हणजे कायदा."

गावाला त्याची कीव येत होती. बायका त्याच्या दारात जेवण ठेवून यायच्या. बिचारा म्हणायचे सगळे. मला ते ऐकून मान हलवावी लागायची.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी दुपारी जेवायला घरी आले. दार लोटलं आणि खालून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. आमच्याकडे दिवसा कुणी कुलूप लावत नसे, आणि दर ऑक्टोबरला कर्ट न सांगता येऊन भट्टी साफ करून जायचा. मला त्याचा पार विसर पडला होता. मागे वळून निघून जावं असं वाटलं. पण पाय घराच्या बाजूनेच पडले, सवयीने.

तो वर आला. हात काळे होते.

"हात धुऊ का, बाई?"

"धू ना."

"कॉफी असेल तर घेईन."

मी कॉफी केली. खसखशीचे कोलाचे, म्हणजे आमच्याकडचे गोड पाव होते, ते ताटलीत ठेवले. दर वर्षी ठेवायचे. त्याने एक नीट दोन घासांत खाल्ला, बोटं पुसली आणि म्हणाला, "बसा ना."

माझ्याच स्वयंपाकघरात मला बसायला सांगितलं, आणि मी बसले.

"मार्लिस तुम्हाला सांगितल्याशिवाय जायची नाही," तो म्हणाला.

"मला काही माहीत नाही."

"असू दे. मी विचारतच नाहीये." त्याने फोनच्या वरच्या फळीकडे हात नेला. तिथं एमिलचं रस्त्यांच्या नकाशांचं मोठं पुस्तक होतं. एमिल दर वर्षी नवं घ्यायचा, जायचा कुठंच नाही. कर्टने ते टेबलावर ठेवलं. "माझ्या धंद्यात एक बरं असतं. भट्टीला विचारावं लागत नाही. एकेका तारेला मीटर लावायचा आणि सुई बघत राहायची. जिथं बिघाड असेल तिथं सुई आपोआप हलते."

त्याने पहिलं पान उघडलं. तिथं अलाबामा.

"बर्मिंगहॅम," तो म्हणाला, आणि माझ्याकडे पाहिलं.

मी कॉफीकडे पाहत होते.

"वर बघा, बाई."

मी वर पाहिलं. त्याचे डोळे फिकट होते, आणि त्यांत राग नव्हता. कामाच्या माणसाचं लक्ष असतं तसं लक्ष होतं. त्याने पान उलटलं.

"फिनिक्स."

मग लॉस एंजेलिस. सॅन फ्रान्सिस्को. सॅन डिएगो. प्रत्येक नावानंतर तो थांबायचा. चार श्वास, पाच श्वास. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज, शीतकपाटाची घरघर. डेन्व्हर. मायामी. अटलांटा.

आयुष्यभर मी मुळाक्षरांच्या क्रमाने पुस्तकं लावली. त्या नकाशात राज्यं त्याच क्रमाने होती. कुठलं पान कधी येणार, हे मला त्याच्या आधी कळत होतं, आणि तेच वाईट होतं. पिट्सबर्गचं पेनसिल्व्हेनिया अजून लांब होतं, पण यायचं होतं. मी कुठला तरी दुसरा विचार करायचा प्रयत्न केला. गोष्टींचा तास, संपलेला गोंद, काहीही. पण मनाने ते एकच पान धरून ठेवलं होतं. मानेवरची शीर उडत होती. ती त्याला दिसत असणार. ते पान आलं की मी काही बोलायची गरज नव्हती. माझी मान बोलली असती.

"शिकागो," तो म्हणाला. बराच वेळ थांबला.

"इंडियानापोलिस."

"लुईव्हिल."

त्याने बोट ओलं केलं आणि पान उलटलं.

"न्यू ऑर्लिन्स."

आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला एमिलने तिथल्या आगगाडीची दोन तिकिटं काढली होती. एमिल कधी कुठं गेला नाही असं मी म्हणाले ना, तो तेवढा एकदा जाणार होता. जायच्या अठरा दिवस आधी तो बियाण्यांच्या दुकानात एक पोतं उचलायला वाकला आणि उठलाच नाही. त्याला नऊ वर्षं झाली होती. तिकिटं मी अजून परत केलेली नव्हती.

मला तो वाकलेला दिसला. मी तिथं नव्हतेच, तरी दिसला. डोळे भरून आले, आणि मी तोंडावर हात धरला. मी हे मुद्दाम केलं का? वीस वर्षांनीही मला ठामपणे सांगता येत नाही. एवढंच की मी ते थांबवलं नाही. एरवी थांबवता येत होतं.

कर्ट हलला नाही. पानावर बोट तसंच ठेवून हळूच पुन्हा म्हणाला, "न्यू ऑर्लिन्स."

"पुरे कर, कर्ट," मी म्हणाले.

त्याने पुस्तक मिटलं, फळीवर होतं तसं सरळ लावून ठेवलं आणि टोपी घातली. "भट्टी आता हिवाळाभर बघायला नको. कॉफी छान होती." दार अलगद ओढून घेतलं. दोन दिवसांनी ट्रक गावातून गेला.

मी लायब्ररीच्या फोनवरून नोरीनला कळवलं. ती मधेच म्हणाली, "म्हणजे तुम्हाला शहर माहीत आहे?"

"मीच तर निवडलं."

"ते तुम्हाला माहीत असायला नको होतं," एवढंच ती म्हणाली. मग मी शेरीफच्या, म्हणजे पोलिसांच्या, कचेरीत गेले. तिथला शिपाई ओळखीचा होता, शाळेत माझ्या दोन वर्षं पुढं. त्याने टोपीखाली डोकं खाजवलं. "आयलीन, शहरांची नावं मोठ्याने वाचणं हा काही गुन्हा होत नाही. आणि भट्टी तर साफ करून दिली म्हणतेस."

भट्टीचीच तर भीती होती. ती लावायची माझी छाती होईना. भट्टी नीट जळली नाही तर विषारी वायू घरात साठतो, त्याला वास नसतो, रंग नसतो, माणूस झोपेतच जातो. हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं, आणि ते सगळ्यांना कर्टनेच शिकवलं होतं. मी चाळीस मैलांवरून दुसरा माणूस बोलावला. तो तासभर खाली होता. वर येऊन म्हणाला, "कुणी केलंय हे काम? इतकं स्वच्छ हल्ली कुणी करत नाही. काही दोष नाही." तो गेल्यावर मी भट्टी चालू केली, अर्धा तास खुर्चीत ताठ बसून राहिले आणि पुन्हा बंद केली. त्या दिवसांत मी एमिलचा कोट घालून भांडी घासायचे.

दुसरी भीती वेगळीच होती. आमच्या खेळात मी न्यू ऑर्लिन्स म्हणायचे, हे मार्लिसने कधी घरी सांगितलं असलं तर? नवरा-बायको जेवताना काय बोलत नाहीत? आणि मी तिथं एका निरपराध शहरावर हा माणूस सोडला होता. रस्त्यात तिच्यासारखी दिसणारी कुणी असेल, तिच्या खांद्यावर तो मागून हात ठेवेल.

एकोणीस दिवसांनी तो परत आला. सकाळचे साडेदहा, मुलांचा गोष्टींचा तास. मार्लिस गेल्यापासून तो मीच घेत होते. सतरंजीवर अकरा मुलं, मागे त्यांच्या आया. मी वाचता वाचता वर पाहिलं तर आयांच्या मागे कर्ट, टोपी हातात. शेवटपर्यंत उभा राहून गोष्ट ऐकली. मुलं पुस्तकं निवडायला उठली, तसा माझ्याजवळ आला.

"मोठं शहर आहे," तो म्हणाला. "फोटो दाखवत हिंडलो. माणसं भली आहेत, पण कुणी पाहिलेलं नाही."

मी हातातलं पुस्तक मिटलं.

"परतीच्या वाटेवर एक आठवलं. मार्लिस एकदा म्हणाली होती, आमच्या आयलीनला न्यू ऑर्लिन्सचं भारी वेड." त्याने टोपीची कड बोटांमधून फिरवली. "त्या दिवशी तुम्ही कुणासाठी रडलात, बाई?"

"माझ्या नवऱ्यासाठी."

त्याने मान डोलावली. जणू मी भट्टीचा एखादा आवाज बरोबर ओळखून सांगितला होता. "म्हणजे पुढची पानं राहिली आपली. येईन एकदा."

एका मुलीने त्याच्या पँटला धरून विचारलं, काका, हे पुस्तक वरच्या फळीवर ठेवाल? त्याने ठेवलं, आणि गेला.

मी त्या दिवशी घरी गेले नाही. अंगावरच्या कपड्यांनिशी तीस मैलांवर नणंदेच्या शेतावर गेले. ॲग्नेसकडे दोन दांडगे कुत्रे होते आणि तिला कुणाची भीती वाटत नसे. "येऊ दे की," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली, यांनी कुणाला फाडलेलं नाही."

हिवाळाभर मी तिथून कामावर येत-जात राहिले. कर्टचा ट्रक रोज अकरा ते एक लायब्ररीसमोर उभा असायचा, इंजिन चालू, काचेवर वाफ. आत तो कधी आला नाही. रस्ता सार्वजनिक आहे, शिपाई म्हणाला. मी तळघरात जेवायचे.

आणि मी तयारी करत होते. ॲग्नेसच्या न्हाणीघरात आरशासमोर उभी राहून क्रमाने शहरं म्हणायचे. बर्मिंगहॅम, फिनिक्स. फिलाडेल्फियापर्यंत चेहरा दगडासारखा राहायचा. पिट्सबर्ग म्हटलं की डावी पापणी हलायची. पुन्हा पहिल्यापासून. कधीकधी तर मला तो चेहराच ओळखू येईना. कुणी तरी बाई आरशातून माझ्याकडे बघत शहरांची नावं घेतेय असं वाटायचं. ॲग्नेसने बाहेरून दार वाजवलं. "अगं, कुणाशी बोलतेस? तुझी लापशी गार झाली."

फेब्रुवारीत तो पुढची पानं बघायला आला नाही. त्याने दुसरी वाट धरली. दोन तासांवरच्या गावात मार्लिसची आई राहायची. तिची भट्टी त्यानेच बसवली होती, त्यामुळे तळघराची कुठली खिडकी नीट लागत नाही हे त्याला ठाऊक होतं. भर दुपारी तो आत शिरला. म्हातारीने मुलीचा ठावठिकाणा सांगितला नाही. तिलाही तो माहीत नव्हता. त्याने तिचा हात पिरगळला, तो कोपरातून निखळला. तिच्या ओरडण्याने शेजारचे धावले. पोलीस आले तेव्हा कर्ट तिच्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून होता, आणि म्हणाला म्हणे, की बाईंना दवाखान्यात न्यायला हवं.

तीन वर्षांची शिक्षा झाली. बायकोने माणसाला वेडं केलं, असं आमच्या गावात बरेच जण म्हणत होते. मी ॲग्नेसकडून घरी परत आले. पण तळघराच्या दाराला मोठं कुलूप बसवून घेतलं, आणि भट्टीच्या जागी विजेचे हीटर लावून घेतले.

जूनमध्ये लायब्ररीचा फोन वाजला.

"आयलीन," पलीकडून आवाज आला. "गुरुवार आहे ना आज?"

मी खुर्ची शोधून बसले. तीच बोलत राहिली. घटस्फोट मंजूर झाला, आईचा हात बरा आहे, एका शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी आहे, खोली चौथ्या मजल्यावर आहे.

"आणि पूल?" मी कसंबसं विचारलं. "पूल बघितलेस का?"

"कुठले पूल?"

"पिट्सबर्गचे."

"मी तिथं गेलेच नाही गं."

मला वाटलं फोनमध्ये काही बिघडलंय.

"नोरीनने बजावलं होतं, कुणालाही माहीत असता कामा नये, जिवलग असला तरी. मी म्हटलं, आयलीन कधी सांगणार नाही. ती म्हणाली, सांगणार नाहीच, पण तिला विचारलं जाईल. मला ते पटेना. मग शिकागोच्या बस अड्ड्यावर गाडी बदलायला उतरले, फळ्यावर सगळी नावं होती, आणि एकदम वाटलं की तुझ्यावर हे ओझं नको. पहिली जी बस सुटत होती तिच्यात चढले. नाव वाचलं ते नंतर."

माझ्या मनात पहिलं काय आलं ते सांगते, मला त्याची लाज वाटत नाही. राग आला. एका रिकाम्या पानासाठी मी हिवाळाभर पापणी धरून उभी होते. मग वाटलं, बरं झालं. मग दोन्ही एकदम वाटायला लागलं, आणि मी फोनची वायर बोटाला गुंडाळत बसले.

"कर्टने तुला त्रास दिला का?" तिने विचारलं.

"नाही. भट्टी बघून गेला."

अकरा वर्षं त्याच्या घरात काढलेल्या बाईला एवढं पुरे होतं. बऱ्याच वेळाने म्हणाली, "तू ये ना. एकदा बघून जा."

ऑक्टोबरमध्ये मी गेले. कुठल्या शहरात ते अजून कुणाला सांगत नाही. समुद्रकाठी आहे की नदीकाठी, तेही नाही. कर्ट केव्हाच सुटला आणि राज्य सोडून कुठं तरी गेला; कुठं ते मला माहीत नाही, आणि रोज मला त्याची आठवण होते.

बसचा प्रवास दोन दिवसांचा. वाटेत तीनदा गाडी बदलली. प्रत्येक अड्ड्यावर भिंतीला पाठ लावून बसायचे आणि आत येणाऱ्या प्रत्येक टोपीकडे बघायचे. तेव्हा तो तुरुंगातच होता, हे ठाऊक असून. ते शहर म्हणजे माझ्या डोळ्यांना सामान उतरवून ठेवल्यासारखं दिसलं, जिकडे तिकडे उभं रचलेलं. अड्ड्यावर मार्लिस नव्हती. वीस मिनिटं झाली, चाळीस झाली. मनात काय काय येऊन गेलं. मग माझ्या मागून आवाज आला, "वळू नकोस. सरळ दारापर्यंत चाल." मी चालले. बाहेर आल्यावर तिने माझा हात धरला. ती सगळा वेळ खांबामागे उभी राहून माझ्या मागावर कुणी आहे का ते बघत होती. केस कापलेले, अंगाने भरलेली. आम्ही दोघी तिथंच फुटपाथवर लोकांच्या वाटेत उभ्या राहून रडलो, आणि लोक आम्हाला वळसा घालून जात राहिले.

तिला आता दुसरं नाव होतं. तेही सांगत नाही. बसमध्ये तिने मला ते दहा वेळा म्हणायला लावलं.

दुसऱ्या दिवशी बाजारात गेलो. ती मासे बघत पुढे गेली, मधे माणसं आली, ती दिसेनाशी झाली, आणि माझ्या तोंडून मोठ्याने निघून गेलं, "मार्लिस."

तिची पाठ मला दिसली. ती वळली नाही. चाल बदलली नाही, मान हलली नाही. तशीच चालत राहून कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली. निळं जॅकेट घातलेल्या एका माणसाने मात्र माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या वाटेत उभी होते, एवढंच होतं ते. पण मी तिथं माशांच्या वासात खिळून राहिले, आणि तो निघून गेला तरी पाय उचलेनात.

पंधरा मिनिटांनी ती दुसऱ्या बाजूने माझ्याजवळ आली. चेहरा पांढराफटक. वाटलं, आता रागावेल.

"आपण तीन गल्ल्या फिरून घरी जाऊ," ती म्हणाली. "माझ्या मागोमाग ये, दहा पावलं ठेवून."

घरी आल्यावर तिने दाराच्या तिन्ही कड्या लावल्या, खिडकीचा पडदा ओढला आणि गॅसवर सूप ठेवलं. मग मी विचारलं, "आवडतं का तुला हे शहर?"

तिने विचार केला. आमच्या खेळात ती कधी इतका विचार करत नसे.

"अजून नाही सांगता येत," ती म्हणाली. "इथली भाजी चांगली असते. वरच्या मजल्यावरची बाई रोज सकाळी खुर्ची ओढते, तो आवाज आला नाही तर मला चुकल्यासारखं होतं. पण रस्त्याने मी अजून भिंतीच्या कडेनेच चालते." तिने दोन वाट्या टेबलावर ठेवल्या. "मीठ बघ गं. मला आता अंदाजच राहिलेला नाही."

मी चमचा तोंडात घातला. मीठ जरा जास्त होतं. मी तसं सांगितलं, आणि तिने उठून त्यात थोडं पाणी घातलं.